दिवसा राम, रात्री कृष्ण

दिवस असेल तर रामाचा राजा डाव उघडणार आणि रात्र असेल तर कृष्णाचा! दशावतारी गंजिफाचा हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मी बसल्या जागेवरून उठूनच उभी राहिले. पत्त्यांच्या खेळाला बाहेर ऊन आहे की चांदणं पडलंय याच्याशी काही देणंघेणं असतं, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी तर नव्हतं ऐकलं. आणि नियम किती चपखल! रामजन्म चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी बाराला, कृष्णजन्म श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री. एक सूर्यवंशी, दुसरा चंद्रवंशी. हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, लहानपणापासून पाळण्याची दोरी ओढून आपल्याला ते ठाऊकच असतं. तेच ज्ञान उचलून कुणीतरी सरळ डावाच्या पहिल्या चालीत बसवून टाकलं.

आता जरा मागे जाऊन सांगते, नाहीतर मी अशीच वाहवत जाईन.

आमचं घर पत्त्यांचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते, त्यामुळे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मेंढीकोट, झब्बू, बदाम सात आणि सगळ्यात लाडका म्हणजे पाच-तीन-दोन. सासरे, म्हणजे आमचे आबा, सत्तरी ओलांडली तरी पाच-तीन-दोनला कुणाला ऐकत नाहीत. भाचा सुट्टीला पुण्याहून येतो तो आपली कार्डं घेऊनच. त्याच्याकडे जपून ठेवलेल्या वह्या आहेत, त्यांच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत एकेक कार्ड. पोकेमॉन, मॅजिक आणि अजून काय काय. नवा संच बाजारात आला की त्याचा फोन येतो, ‘मामी, एक्स्पान्शन आलं! नवे हिरो आहेत, नवी मेकॅनिक आहे!’ त्याच्याकडूनच मला कळलं की मॅजिक हा खेळ १९९३ साली निघाला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला विस्तार आला, तोही अरबी कथांमधली पात्रं घेऊन. त्याचं एक म्हणणं मला फार पटलं. तो म्हणतो, नुसती चित्रं बदलली तर तो विस्तार नाही. नव्या पात्रामुळे जुना नियम नव्याने चमकला पाहिजे.

आणि मग एक मैत्रीण सावंतवाडीहून आली. तिने माझ्या हातात एक लाकडी पेटी ठेवली.

पेटीच रंगवलेली. झाकण सरकवलं, आत गोल पानं! गोल! चौकोनी पत्त्यांची सवय असलेल्या हाताला आधी कळेचना की हे धरायचं कसं. बोटाला लाखेचा गुळगुळीतपणा लागतो, दोन पानं एकमेकांवर पडली की टक्क असा कोरडा आवाज येतो. मी वरचं पान उलटलं. माशाच्या मुखातून वर आलेले विष्णू, चार हात, डोक्यावर मुकुट. मत्स्याचा राजा. दुसरं उलटलं, घोड्यावर बसलेला प्रधान. तिसऱ्यावर सहा मासे. प्रत्येक मासा हाताने काढलेला, म्हणून एकाची शेपटी थोडी जास्त वळलेली, एकाचा डोळा जरा मोठा. सहा मासे म्हणजे मत्स्याची छक्की! मी ती तशीच हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. छापील पत्त्यावरच्या बदामाकडे आपण असे कधी बघतो का?

ही पानं करायची रीतही ऐकण्यासारखी आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर एकमेकांना चिकटवायचे, त्यावर चिंचोक्याची खळ, खडूची पूड, मग घोटाई, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. खळ म्हटल्यावर आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर सुताला खळ देणारे विणकरच येतात. जी खळ सूत ताठ करते तीच ओळखीची गोष्ट इथे राम-कृष्णांना अंग देते, याचा मला उगाच अभिमान वाटला. पानांचे दोन प्रकार असतात. भोवती नक्षीची किनार असलेली ती दरबारी, आणि किनार नसलेली साधी ती बाजारी. दरबारात तर हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची पानंही होत.

आता खऱ्या आनंदाच्या गोष्टीकडे येते. भाच्याची भाषा वापरायची तर दशावतारी गंजिफा हा स्वतःच एक विस्तार आहे, आणि माझ्या मते जगातल्या उत्तम विस्तारांपैकी एक!

मूळ खेळ इराणी वळणाचा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रातच आहे. पुढे मुघल वळणाचा जो संच रूढ झाला त्यात आठ रंग: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. म्हणजे मुकुट, चांदीचं नाणं, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचं नाणं, हुकूमनामा आणि माल. प्रत्येक रंगात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. आठ गुणिले बारा, शहाण्णव पानं. या खेळातही दिवस-रात्रीचा नियम होताच! दिवसा सुर्खाचा, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा राजा डाव उघडायचा, रात्री सफेदचा, चांदीच्या नाण्याचा. सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र.

मग इथल्या मंडळींनी काय केलं बघा. आठाचे दहा रंग केले, बारा-बारा पानं तशीच ठेवली, झाली एकशेवीस. मुकुट, नाणी, तलवारी बाजूला ठेवून तिथे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की आणून बसवले. आणि सूर्य-चंद्राच्या त्या जागी? सूर्यवंशातला राम आणि चंद्रवंशातला कृष्ण! नियमाला धक्काही लागला नाही, उलट त्याला कथा मिळाली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो वही बाजूला ठेवून म्हणाला, ‘मामी, हे ज्यानं डिझाइन केलं तो माणूस ग्रेट होता.’ मला त्यात एक अक्षरही बदलावंसं वाटत नाही.

अकबराच्या दरबारातला खेळ तर आणखी मोठा. अबुल फझलने ऐने अकबरीत बारा रंगांच्या, एकशेचव्वेचाळीस पानांच्या जुन्या संचाचं वर्णन केलंय आणि त्यातले राजे वाचताना अंगावर काटा येतो. अश्वपती, घोड्यांचा धनी. गजपती, हत्तींचा. गढपती किल्ल्यांचा, धनपती खजिन्याचा. वनपती आहे, सापांचा अहिपती आहे, देवांचा सुरपती आहे आणि समोर असुरपतीही! अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती ओरिसाच्या राजासारखा, आणि पायदळाच्या जोरावर राज्य करणारा नरपती कुणासारखा? विजापूरच्या सुलतानांसारखा! विजापूर म्हणजे आमच्यापासून शंभर किलोमीटरवर. ज्या आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीत आमचा भुईकोट इकडून तिकडे जात राहिला, चांदबिबीच्या लग्नात सोलापूर चक्क आंदण म्हणून दिलं गेलं, त्याच विजापूरचा राजा आग्र्याच्या बादशहाच्या हातात एक पान बनून बसलेला. ते वाचलं त्या संध्याकाळी मी किल्ल्याच्या बागेत फेरी मारली आणि तटाकडे बघताना ‘नरपती’ हा शब्द डोक्यातून जाईना.

पण वाचून खेळ कळत नाही. खेळायलाच बसलो.

गंजिफाला तीन भिडू लागतात. बरोब्बर पाच-तीन-दोनसारखे! म्हणून मी, भाचा आणि आबा. पानं हातात घेऊन पिसता येत नाहीत, चादर पसरून त्यावर पालथी टाकायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. आम्ही अर्थातच सोलापुरी चादर अंथरली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, सावंतवाडीच्या गंजिफालाही भौगोलिक मानांकन, अशी ती भेट गच्चीवर घडली. एकशेवीस पानं तिघांत, प्रत्येकी चाळीस. चाळीस पानं हातात! आणि गोल पानाला कोपरा नसतो, त्यामुळे कोपऱ्यातला आकडा बघून पान ओळखायची सोयच नाही. पानं पंख्यासारखी धरली की फक्त कडा दिसतात. मग रंग ओळखायचा जमिनीवरून. चित्रामागची जमीन प्रत्येक अवताराची वेगळी. थोड्या वेळाने डोळा असा तयार होतो की कडेची रेघ दिसली तरी ‘हा वराह’ असं आतून उमटतं.

आबांनी पानं लावली, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘हुकूम कुठला?’

‘हुकूमच नाही आबा यात.’

‘हुकूम नाही?’ जरा थांबले, पानांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे लपायला जागा नाही.’

अगदी हेच! एक रंग दुसऱ्याला कापू शकत नाही. कल्कीची तलवार कितीही लखलखली तरी मत्स्यावर चालत नाही, वामन परशुरामाला हरवत नाही. प्रत्येक रंगाचा हिशेब त्याच्याच घरात. मला तर वाटतं, याहून वेगळा नियम या पानांना शोभलाच नसता. दहाही रूपं एकाचीच आहेत, त्यांत कोण कुणाला कापणार?

बाहेर ऊन होतं, म्हणून रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी. तो भाच्याकडे होता. त्याने राजा टाकला आणि त्याबरोबर एक हलकं पान, म्हणजे पहिल्याच चालीला दोन पानं. आम्ही दोघांनी दोन-दोन निरुपयोगी पानं दिली. राजावर कोण जाणार! इथून पुढे सगळी मजा स्मरणाची. रंगाचा राजा पडला की त्याचा प्रधान मालक होतो, प्रधान गेला की त्याखालचं पान. कुठल्या रंगात आता कोण मालक आहे हे ज्याच्या डोक्यात पक्कं, त्याचे हात होणार.

आणि त्यात ती सगळ्यात बहारदार मेकॅनिक! दहापैकी पाच रंगांत प्रधानाखाली दहिल्ला मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत नेमकं उलट, प्रधानाखाली एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री, आणि दहिल्ला तळाला. म्हणजे एका रंगात जे पान उराशी धरायचं, तेच दुसऱ्या रंगात कचऱ्यासारखं टाकून द्यायचं. सुरुवातीला डोकं गरगरतं. नंतर त्याची अशी काही गोडी लागते की साधे पत्ते एकमार्गी वाटू लागतात. ज्या रंगात लहान आकडा मोठा, तिथे एकच चिन्ह असलेलं मोकळं पान दहा चिन्हांनी गच्च भरलेल्या पानाला गिळून टाकतं. हे बघताना वामनाची आठवण येतेच. बटू आला, तीन पावलांत त्रैलोक्य घेऊन गेला.

आबांनी तिसऱ्या-चौथ्या हातापासून गाडी पकडली. ‘कूर्माचा प्रधान अजून पडला नाही,’ असं ते पुटपुटले आणि आमच्या दोघांच्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात दहाही रंगांचे खाने उघडलेले आहेत. पाच-तीन-दोनला तीस पानं लक्षात ठेवायची सवय, इथे त्याच्या चौपट! आणि ते ठेवत होते. भाचा त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मी आजवर फक्त त्याच्या दुर्मिळ कार्डांसाठी पाहिली होती.

पुढचा डाव वाटेपर्यंत सूर्य कलला. आता दिवस म्हणायचं की रात्र? भाचा म्हणाला अजून उजेड आहे, मी म्हटलं सूर्य तर दिसत नाही. निवाडा आबांनी केला, ‘दिवेलागण झाली की रात्र.’ सिद्धेश्वराच्या तळ्याच्या बाजूने दिवे लागताना दिसले, आणि आबांनीच कृष्णाचा राजा चादरीवर ठेवला. मी शब्दात सांगू शकत नाही काय वाटलं ते! तीच पानं, तीच माणसं, पण खेळाचा धनी बदलला. दुपारभर ज्याच्याकडे राम तो ऐटीत होता, आता रामाचा राजा दहांतला एक. संगणकावरच्या खेळात दिवस-रात्र होते म्हणून मुलं हरखून जातात. इथे खरा सूर्य मावळतो आणि खेळ बदलतो!

पात्रांविषयी लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, तरी दोघांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिला कल्की. हा अजून आलेलाच नाही! इतर नऊ जण होऊन गेलेले, आणि दहावा पुढे केव्हातरी घोड्यावरून येणार आहे. तरी त्याचा राजा आहे, प्रधान आहे, बारा पानांचं पूर्ण राज्य आहे. न घडलेल्या कथेला जुन्या खेळात बरोबरीचं पान मिळालंय, ही कल्पनाच किती धीट! दुसरा, नववा अवतार. बुद्धाच्या जागी ओडिशातल्या पानांवर जगन्नाथ दिसतो. आपल्या महाराष्ट्रात जुन्या दशावतार चित्रांमध्ये त्या जागी कमरेवर हात ठेवून विठ्ठल उभा असतो. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे नवव्या रंगाचं पान हातात आलं की आबा ते कपाळाला लावतात आणि मगच रांगेत ठेवतात. लहान पान असलं तरी.

विस्तार इथेही थांबत नाही. नवग्रहांचा नऊ रंगांचा संच आहे, एकशेआठ पानांचा. बारा राशींचा आहे. ओडिशात रामायणावरचा आहे. आणि म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार, त्यांनी तर एकामागून एक नवे खेळ रचले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात या ‘छाद’ खेळांची वर्णनं आहेत, आणि त्यांतल्या चामुंडेश्वरी छादला तीनशेवीस पानं! राजा-प्रधानांच्या जोडीला आणखी दरबारी पात्रं, आणखी देवता. १९व्या शतकात एक राजा बसून नवे संच काढतोय, हे ऐकून भाच्याने तर हातच जोडले.

पण पेटी ज्या गावाहून आली त्या गावाचं ऋण सगळ्यात मोठं. सावंतवाडीची ही कला एकेकाळी अगदी संपत आली होती. ज्यांना ती येत होती असे पुंडलीक चितारी वयाने फार थकले होते. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली. संस्थानचे राजाराणी शिष्य झाले, चितारी गुरू झाले! मग राजवाड्यातच चित्रकारांना शिकवून, बसवून काम सुरू केलं. बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातून आलेल्या सत्त्वशीलादेवींनी पुढचं आयुष्य या कामाला दिलं. २०१८ साली त्या गेल्या. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून बसतात आणि बारीक कुंचल्याने एकेका माशाला डोळा काढतात. ज्या भागात रात्रभर दशावतारी नाटकं रंगतात तिथेच हा दशावतार पानांवर जिवंत राहिला, हेही किती योग्य!

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. ज्यांच्या ज्यांच्याकडे मी ही पेटी दाखवली त्यांतल्या बहुतेकांनी ‘फ्रेम करून लाव, छान दिसेल’ असं म्हटलं. नको! अजिबात नको! भिंतीवर लावलेल्या कृष्णाला रात्र झाल्याचं कसं कळणार? ही पानं चादरीवर पडली, एकमेकांवर टक्क वाजली, कुणाच्या तरी हातात चाळीसच्या चाळीस पंख्यासारखी उघडली, की मगच ती पूर्ण होतात. चित्र म्हणून ती सुंदर आहेतच, पण खेळ म्हणून ती त्याहून थोर आहेत, आणि आपल्याला त्यांची चित्राची अर्धीच बाजू ठाऊक आहे.

हाताने रंगवलेला संच स्वस्त नसतो, आणि रोजच्या खेळाला तो वापरायला जीव होत नाही, हे मान्य. त्यावर भाच्याने तोड काढली. जाड पुठ्ठ्याची गोल पानं कापली, दहा रंगांच्या जमिनी रंगवल्या आणि स्केचपेनने चिन्हं काढली. मासा, कासव, शंख, चक्र, कमंडलू, परशू, धनुष्य, गाय, कमळ, तलवार. शेजारची मुलं मदतीला आली. त्यातल्या एकीने वराहासाठी काढलेले शंख इतके देखणे आहेत की वराहाचा रंग हातात आला तर सगळे खूश होतात. हाच आमचा रोजचा संच. खरा संच दिवाळीला आणि रामनवमी-गोकुळाष्टमीला बाहेर निघतो.

तेव्हा सावंतवाडीला गेलात तर मोती तलावाला वळसा घालून राजवाड्यात नक्की जा, चित्रकारांना काम करताना बघा आणि जमलं तर एक दशावतारी संच घरी आणा. नाहीच जमलं तर पुठ्ठा आणि रंग घेऊन मुलांबरोबर बसा. पानं तयार झाली की दोन भिडू गाठा, खाली एक मोठी चादर अंथरा आणि पहिलं पान टाकण्याआधी खिडकीबाहेर बघून ठरवा, डाव कुणी उघडायचा ते.